चांगलं दिसणं

३ नोव्हेंबर
ग्रंथपालबाई म्हणाल्या, विद्यापीठाचा अर्ज भरायचा असेल तर रोज थोडं लिहीत जा, हात मोकळा होतो. म्हणून ही वही. रोज जमेल असं वाटत नाही. दिवसभर काचा घासून संध्याकाळी बोटं भाजीला टाकायच्या मिठाची चिमूट धरायलाही कुरकुरतात.

विद्यापीठात 'विचारांचा इतिहास' या विषयात पदव्युत्तर पदवी आहे, हे मला वर्षभरापूर्वी माहीतही नव्हतं. राजांचा इतिहास असतो, लढायांचा असतो. विचारांचाही असतो, म्हणजे एखादी कल्पना माणसांच्या डोक्यात कधी आली, कशी बदलली, कुणाच्या सोयीची ठरली, याचा. वय एकोणचाळीस. शेवटची परीक्षा दिली त्याला अठरा वर्षं झाली.

खूळ डोक्यात शिरलं ते रफू करणाऱ्या बाईंमुळे. त्या चष्म्याला आल्या, नंबर काढला तर तक्त्यावरची तिसरी ओळसुद्धा धड वाचता येईना. आणि अंगावरच्या शालीला त्यांनीच केलेलं रफू मला भिंग लावूनही सापडेना. म्हटलं, बाई, तुम्ही बघता तरी कशानं? त्या म्हणाल्या, "बोटांनी. डोळे आपले सोबतीला." तेव्हापासून एकच प्रश्न. नीट दिसणं म्हणजे काय, हे ठरवलं कुणी? आणि कधी?

५ नोव्हेंबर
आत्याला सांगितलं. सांगायला दोन दिवस लागले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी मी तिच्याकडे आले ती आजतागायत. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही दोघी. चाळीस वर्षं ती पुढे बसून लोकांचे नंबर काढते, अठरा वर्षं मी मागच्या खोलीत काचा घासते.

ती म्हणाली, "विचारांचा इतिहास? विचार काय जमिनीत पुरलेली भांडी आहेत, खणून काढायला?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"आणि तुझा विषय काय?"

"चांगलं दिसणं म्हणजे काय."

"त्याला पदवी कशाला हवी? थोडी पावडर लाव."

मला हसू आलं आणि रागही आला. रात्री भांडी घासताना तिने एक बशी फोडली. आत्याच्या हातून बशी फुटलेली मी कधी पाहिली नव्हती. रागाने फोडली असणार.

१४ नोव्हेंबर
आजपासून नंबर काढण्याचं काम माझ्याकडे. आत्याने सकाळी कुलूप उघडता उघडता जाहीर केलं. "माझे गुडघे दुखतात. उभं राहवत नाही."

नंबर स्टुलावर बसून काढतात. मी तसं म्हटलंही. तर म्हणाली, "मग स्टुलावर बसवत नाही."

म्हणजे आता पुढचंही काम माझं आणि मागचंही. वाचायला जी संध्याकाळ मिळत होती, तिच्यातही काचा घासायच्या. सरळ नको म्हणता येत नाही, म्हणून ही वाकडी वाट. मी तिला ओळखते.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे आत्याने गेल्या आठवड्यात चष्मा दिलेल्या बाई. आत्यानेच निरोप धाडून बोलावलं होतं. नंबर पुन्हा काढला, बराच वेगळा आला. आत्या म्हणाली, "काच बदलून दे, आणि त्यांची माफी माग." मी मागितली. चूक तिची, माफी माझी.

२ डिसेंबर
अर्जासोबत द्यायच्या निबंधाचा पहिला खर्डा ग्रंथपालबाईंना दाखवला. त्यांनी पहिल्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. वाक्य होतं, 'मानवजातीच्या उदयापासून दृष्टी ही ज्ञानाची जननी मानली गेली आहे.'

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"नाही. हे तुमच्या अंगात आलेल्या कुणीतरी लिहिलंय. मानवजातीला जरा बसू द्या बाकावर. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा."

रात्री जेवणाआधी रफूवाल्या बाईंपासून नवी सुरुवात केली. चार पानं सरसर झाली. मग अडकले. नंबर ही माणसानं ठरवलेली मोजपट्टी आहे, त्यापलीकडे त्यात काही नाही, असं मी ठासून लिहिलंय. लिहिताना झोकदार वाटतं. सकाळी गिऱ्हाइकाला नंबर सांगताना मात्र जीभ जरा अडखळते.

९ डिसेंबर
आज हसून पोट दुखलं. आत्याचं गेले आठ दिवस एकच पालुपद, दुकानाच्या दाराची चौकट वाकली. मध्येच फुगलीय, कुणीतरी दार आपटतं. आपटणारी मीच, हे उघड. शेवटी तिने सुताराला बोलावलं.

सुताराने ओळंबा सोडला. वरून लावला, खालून लावला. म्हणाला, "मावशी, चौकट तुमच्या स्वभावापेक्षा सरळ आहे."

मी तोंडाला पदर लावून मागच्या खोलीत पळाले. परत आले तर आत्या हसत नव्हती. चौकटीवर हात फिरवत उभी होती, वरपासून खालपर्यंत, सावकाश. सुतार निघून गेल्यावर म्हणाली, "सरळ आहे का गं खरंच?" मी म्हटलं, अगदी. "बरं," म्हणाली, आणि दिवसभर तिने पुन्हा दाराचं नाव काढलं नाही. चूक कबूल करणं तिच्या फार जिवावर येतं.

१५ डिसेंबर
निबंध आत्याला वाचायला देऊन चार दिवस झाले. कपाटावर जिथे ठेवला तिथेच आहे. काल त्यावर चहाचा कप ठेवलेला दिसला. वर्तुळ उमटलंय, बरोबर माझ्या विषयाच्या शीर्षकावर.

विचारलं, वाचलास का? म्हणाली, "तू वाचून दाखव की, काम करता करता ऐकते." मला ते लागलं. ऐकायला काय, रेडिओही ऐकतात माणसं. बारा पानं लिहायला मला सहा आठवडे लागले, तिला बसून वाचायला एक संध्याकाळ नाही.

आणि हल्ली ती माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. बोलताना माझ्या कानापलीकडे कुठेतरी बघते. भांडून घेतलं असतं तर बरं, ही कसली शिक्षा.

४ जानेवारी
अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात. एक ग्रंथपालबाई देणार. दुसरं कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं, बंद पाकिटात. माझी वरिष्ठ एकच.

आत्या म्हणाली, "लिहीन. घाई करू नकोस."

मी म्हटलं, तू सांग, मी टाइप करते, तू सही कर.

"माझ्या अक्षरात जाईल."

"अगं, पण वेळ..."

"माझ्या अक्षरात जाईल म्हटलं ना!"

मुदत एकतीस तारखेला संपते. ती मुद्दाम मुदत चुकवेल अशी भीती वाटते. असलं लिहायची लाजही वाटते. जिने मला शाळेत घातलं, परीक्षेच्या दिवशी दुकान बंद ठेवून फाटकाशी उभी राहिली, तिच्याबद्दल मी हे लिहितेय. पण माणसं म्हातारपणी बदलतात म्हणे.

२८ जानेवारी
दुपारी आत्या वरच्या खोलीत दार लावून बसली. तीन तास. दोनदा हाक मारली, ओ नाही. खाली आली तेव्हा पाकीट चिकटवलेलं होतं आणि बोटं, मनगट, पदराचा काठ, सगळं शाईने माखलेलं.

"काय लिहिलंस एवढं?"

"तुझ्या तक्रारी. पानं पुरली नाहीत."

पाकीट हातात घेतलं. पातळ होतं. एकच पान असावं. एका पानाला तीन तास! चांगलं लिहिण्यासारखं काही सापडत नसणार.

३० जानेवारी
अर्ज टाकला. सुटले.

१७ फेब्रुवारी
वहीत बरेच दिवस खाडा. काम फार. आज बँकेतल्या कारकूनबाई आल्या तर आत्या म्हणाली, "या मुख्याध्यापिकाबाई, शाळा काय म्हणते?" त्या गोंधळल्या. त्यांनी तोंड उघडल्याबरोबर आत्याने विनोद केल्यासारखं सावरून घेतलं. तिचं लक्ष आता दुकानात राहिलेलं नाही.

१२ मार्च
मुलाखतीचं पत्र आलं! एकवीस तारीख, सकाळी अकरा. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "निळी साडी नेस, ती राखाडी नको. राखाडी साडीत तू वाट चुकलेल्या टपालासारखी दिसतेस." मग बराच वेळ हसत होती. मला कळेना, ही माझ्या बाजूची की विरुद्ध?

२१ मार्च, परतीच्या बसमध्ये
अक्षर वाकडं येतंय. बस हलतेय. पण लिहिलं नाही तर घरी जाऊन काय बोलायचं ते कळणार नाही.

खोलीत तिघं होते. वयस्कर प्राध्यापिका, केस बारीक कापलेले. एक प्राध्यापक, चष्म्याची नाकावरची पट्टी वाकलेली, सारखा चष्मा वर सारत होते. माझे हात शिवशिवत होते. आणि एक तरुण बाई टिपणं घेत होती. निबंधावर दहा-पंधरा मिनिटं बरं बोलले. रफूवाल्या बाई त्यांना आवडल्या.

मग प्राध्यापिका म्हणाल्या, "एक अडचण आहे. तुमच्या आत्यांचं पत्र आम्हा तिघांना एकत्र बसूनही पूर्ण वाचता आलं नाही. उमेदवाराला शिफारसपत्र दाखवायचं नसतं. पण तुमच्याशिवाय हे वाचणार कोण? वाचाल?"

त्यांनी कागद पुढे केला.

पहिल्या दोन ओळी ठीक होत्या. तिसरी निघाली ती मध्यावर खाली घसरली आणि चौथीच्या अंगावर पडली. पाचवी सहावीवर. अक्षरांचे मधले भाग गळलेले. काही काने पुढच्याच शब्दाला चिकटलेले. समास मात्र दोन्हीकडे नेटका, पट्टीने आखल्यासारखा. कडेचं दिसत होतं तिला. मधलं नाही.

मी वाचायला लागले. 'माझी भाची अठरा वर्षं काचा घासते. एकही काच परत आलेली नाही. सांगितलेलं काम ती लगेच करत नाही, आधी का म्हणून विचारते. दुकानात याचा त्रास होतो. तुमच्याकडे उपयोग होईल.' पुढे दोन ओळी एकमेकींवर होत्या, त्या मलाही लागेनात. त्यांच्याखाली कागदाच्या कडेला तिरकं वाक्य, 'मला तिची मदत लागत नाही.'

प्राध्यापकांनी पाणी दिलं.

मी म्हटलं, "या बाईंना समोरचं दिसत नाही. डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. असं लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. महिन्याला दोन तरी येतात. मी ओळखते आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवते."

मग प्राध्यापिकांनी हलकेच विचारलं, "तुम्ही निबंधात म्हटलंय, नजरेचा नंबर ही नुसती मानलेली गोष्ट आहे. आत्ताही तसंच म्हणाल?"

सांभाळून घेणारं उत्तर मला माहीत होतं. घोकून गेले होते. ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "नाही. मानलेली असेल, माणसानं ठरवलेली असेल. पण ती पट्टी मी तिच्या डोळ्यांना एकदा लावली असती तर मला चार महिन्यांपूर्वी कळलं असतं. मी निबंधात अर्धंच लिहिलं. उरलेलं अर्धं मला माहीत नाही."

त्यानंतर त्यांनी फारसं काही विचारलं नाही. प्राध्यापिका दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हाच समजले की संपलं. स्वतःच्या निबंधाच्या मुळावर स्वतःच घाव घालणारीला कोण घेणार? प्रवेश हातचा गेला. त्याचं आत्ता काहीच वाटत नाही.

बशी. चौकट. कारकूनबाई. माझ्या कानापलीकडे बघणं. आणि मी त्या सगळ्याला राग म्हणत होते.

२२ मार्च
काल घरी पोचले तर आत्या पायरीवर बसलेली. "काय झालं गं?" मी तिचा हात धरला, दुकान उघडलं, तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं.

"तक्ता मला पाठ आहे," ती म्हणाली. "वेळ घालवू नकोस."

मी बारीक चौकटी आखलेला तपासणीचा कागद काढला. तिचा डावा डोळा उघडा ठेवून समोर धरला.

"काय दिसतं?"

तिने मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "कडेच्या चौकटी आहेत. मध्ये कुणीतरी अंगठा ठेवलाय."

उजव्या डोळ्याला मधल्या रेघा दिसत होत्या, पण वाकलेल्या. दाराच्या चौकटीसारख्या.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. आधी डावा. मग त्या बाईंचा नंबर चुकला तेव्हा कळलं, की आता आपण त्या स्टुलावर बसायचं नाही."

"डॉक्टर?"

"एकदा गेले होते. ते म्हणाले लगेच परत या."

"आणि?"

"गेले नाही."

मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, जगाचे डोळे तपासतेस आणि स्वतःचे डोळे मातीमोल करतेस? ही काय माया झाली? हा माज आहे, हट्ट आहे. आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर!

ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू तेव्हा नुकती ग्रंथालयात जायला लागली होतीस. परत यायचीस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा असायचा. मला दिसत होता तेव्हा. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून गेली नसतीस."

"नसतेच गेले."

"मग?"

चूक तिचीच होती हे मी अजूनही म्हणते. पण म्हणून माझी कमी होत नाही. रोज वीस माणसांच्या डोळ्यांत बघते मी. घरात एक माणूस होतं.

२९ मार्च
नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. डाव्याचं गेलेलं परत येणार नाही. उजव्याला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, म्हणजे आहे ते बरंचसं टिकेल. उन्हाळ्यातच आलात असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. आत्याने विचारलं, "डोळ्यात सुई टोचताना तुमचा चष्मा कुठल्या नंबरचा असतो?" डॉक्टर हसले. तिचा हात माझ्या हातात होता, तो बर्फासारखा गार.

२० एप्रिल
निवड झाली.

पत्र तीनदा वाचलं. खाली प्राध्यापिकांनी पेनाने लिहिलंय, 'उरलेल्या अर्ध्याची वाट पाहतो.' याचा अर्थ काय ते नीट कळलं नाही. बहुधा कागदपत्रं राहिली असतील, विचारायला हवं.

आत्याला सांगितलं आणि लगेच म्हटलं की मी जाणार नाही. तिने हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली.

"का?"

"इंजेक्शनं. दुकान. तू."

"ऐक भाचीबाई. डोळे माझे गेलेत, अक्कल नाही. तू इथे राहून काय करणार? सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे बघून सुस्कारे सोडणार. ते सुस्कारे ऐकत मला म्हातारं व्हायचं नाही."

"आणि तू पडलीस-झडलीस तर?"

"तू असतानाही पडेन. फक्त तू बघशील."

२४ एप्रिल
तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी मीच तोडगा काढला. वर्ग सोमवार ते बुधवार असतात. तेवढे दिवस तिकडे, बाकीचे इकडे. नंबर गुरुवारपासून रविवारपर्यंत. इंजेक्शनच्या दिवशी मी इथेच. आत्या म्हणाली, "एवढं सोपं होतं तर तीन दिवस अबोला कशाला धरलास?" जसा काही तिने धरलाच नव्हता.

१० जुलै
विद्यापीठाजवळ खोली मिळाली. एक खिडकी, एक खाट, शेजारच्या इमारतीची भिंत. वर्गात सगळे माझ्या निम्म्या वयाचे. एकाने मला उठून जागा दिली; मला शिक्षिका समजला. पहिल्याच तासाला जे वाचायला दिलं त्यातलं पाव कळलं. दोन पानांसाठी तीन तास लागले. एका पानाला तीन तास लागण्याबद्दल मी कुणाला कधीही काही बोलणार नाही.

१८ ऑगस्ट
मंगळवार. सकाळी आत्याचा फोन. "मी बसमध्ये बसलेय. साडेबाराला पोचते."

"कुणाबरोबर?"

"ड्रायव्हरबरोबर."

चार तासांचा प्रवास, मधे एकदा बस बदलायची. एकटी. वर्ग सोडून मी बारालाच बस थांब्यावर जाऊन उभी राहिले. तोवर शंभर वाईट गोष्टी मनात येऊन गेल्या.

बस आली. सगळ्यात शेवटी ती उतरली, कठडा धरून, पाय चाचपत. हातात पिशवी, अंगावर इस्त्रीची साडी. मी समोर, दहा पावलांवर. ती थेट माझ्या दिशेने चालत आली आणि माझ्या बाजूने पुढे निघून गेली.

हाक मारायचं राहूनच गेलं. मी मागोमाग गेले. ती थांबली. आजूबाजूला मान तिरकी करून बघितलं, कडेने, पाखरू बघतं तसं. मग वळली, आणि मला म्हणाली, "अहो बाई, विद्यापीठ कुठल्या बाजूला? माझी भाची शिकते तिथे."

इतक्या रुबाबात म्हणाली की तिची ती भाची मी नसून दुसरीच कुणीतरी असावी असं मला वाटलं.

मी म्हटलं, "चला, दाखवते."

तिने आवाज ओळखला. मग माझ्या दंडावर तिने चांगला सणसणीत फटका मारला. "तूच होय! मग खांबासारखी उभी काय राहिलीस? बोलायला काय होतं? बोललीस की दिसतेस मला."

मी बोलायला लागले. काय बोलले आठवत नाही. बसचं, उन्हाचं, खोलीतल्या खिडकीचं. थांब्यापासून फाटकापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे. एकदाही थांबले नाही. ती मधून मधून "हं" म्हणत होती आणि अगदी बरोबर माझ्या तोंडाकडे बघत होती.